व्यवहार आर्टिकल 9 खाली येतो का? अमेरिकेतल्या तारण-कायद्याची हद्द कशी तपासावी

अमेरिकेत यंत्रं, दुकानातला माल, ग्राहकांकडची येणी, बँकेतलं खातं अशा जंगम मालमत्तेच्या तारणावर कर्ज दिलं-घेतलं जातं, तेव्हा लागू होणारा मुख्य कायदा संघराज्याचा नसून त्या-त्या राज्याचा असतो. युनिफॉर्म कमर्शियल कोड, म्हणजे यूसीसी, याचं आर्टिकल 9 हा तो कायदा. युनिफॉर्म लॉ कमिशन आणि अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट मिळून त्याचा मसुदा करतात, पण विधिमंडळाने मंजूर करेपर्यंत त्या मसुद्याला कायद्याचं बळ नसतं. पन्नासही राज्यांनी आर्टिकल 9 स्वीकारलं आहे. टेक्सासमध्ये ते बिझनेस अँड कॉमर्स कोडचं प्रकरण 9 आहे, कॅलिफोर्नियात कमर्शियल कोडचा विभाग 9. मालविक्रीचं आर्टिकल 2 न स्वीकारणाऱ्या लुईझियानानेही हे घेतलं आहे. आजचा साचा 1998 च्या फेररचनेतून आला आणि बहुतेक राज्यांत 1 जुलै 2001 पासून लागू झाला. 2010 च्या दुरुस्त्या 1 जुलै 2013 पासून आल्या. डिजिटल मालमत्तेसाठीच्या 2022 च्या दुरुस्त्या मात्र त्या स्वीकारणाऱ्या राज्यांनी आपापल्या तारखेला आणल्या आहेत, म्हणून जुना छापील मजकूर हाताशी धरून काम करू नये. त्या राज्याच्या संकेतस्थळावरचा आजचा मजकूर वाचावा.

हद्द चुकली तर नुकसान दोन्ही बाजूंनी होतं. व्यवहार आर्टिकल 9 मध्ये असताना ‘हे तर भाडं आहे’ किंवा ‘ही तर विक्री आहे’ असं समजून नोंदणी केली नाही, तर समोरचा दिवाळखोरीत गेल्यावर ट्रस्टी (दिवाळखोराची मालमत्ता सांभाळणारा) बँकरप्सी कोडच्या, म्हणजे संघीय दिवाळखोरी कायद्याच्या, कलम 544 खाली तुमचा हक्क रद्द करून घेतो. मग तुम्ही विनातारण धनकोंच्या रांगेत उभे राहता. उलट, व्यवहार हद्दीबाहेरचा असताना यूसीसी-1 (राज्याकडे तारणाची नोंद करण्याचा अर्ज) दाखल करून निश्चिंत बसलात, तर जिथे खरोखर नोंद हवी होती तिथे काहीच नसतं.

हद्दीचं कलम 9-109. ते चार उपकलमांत आहे: (अ) मध्ये काय येतं, (ब) मध्ये एक महत्त्वाचा खुलासा, (क) आणि (ड) मध्ये काय येत नाही. तपासणी याच क्रमाने करावी. आणि सुरुवातीपासून दोन प्रश्न वेगळे ठेवावेत: आर्टिकल 9 लागू आहे का, हा एक, आणि लागू असेल तर नोंद कुठे करायची, हा दुसरा. मालमोटारीवरचं तारण हे याचं नेहमीचं उदाहरण. व्यवहार पूर्णपणे आर्टिकल 9 मधला असतो, पण नोंद गाडीच्या टायटल-प्रमाणपत्रावर (मालकीच्या दाखल्यावर) करावी लागते. सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (राज्याच्या नोंदणी-कार्यालयात) दाखल केलेला यूसीसी-1 तिथे कामाचा नाही. म्हणून ‘नोंद दुसरीकडे होते, म्हणजे आर्टिकल 9 लागू नाही’ हा निष्कर्ष चुकीचा.

पहिली पायरी: कराराचं नाव विसरा

कलम 9-109(अ)(1) चा गाभा असा: रूप काहीही असो, करारातून जंगम मालमत्तेत किंवा फिक्स्चरमध्ये (इमारतीला जोडलेल्या वस्तूंत) तारणहक्क निर्माण होत असेल, तर आर्टिकल 9 लागू. मथळ्यावर ‘भाडेकरार’, ‘सशर्त विक्री’, ‘विश्वस्त पावती’ काहीही लिहिलेलं असो. करार हातात घ्या आणि विचारा: पैसे आले नाहीत तर या माणसाला कुठल्या वस्तूवर हात ठेवता येतो? आणि पैसे पूर्ण आले तर त्या वस्तूतला त्याचा हक्क संपतो का? दोन्हीची उत्तरं होकारार्थी असली, तर तो तारणहक्क आहे.

‘पूर्ण रक्कम मिळेपर्यंत मालाची मालकी विक्रेत्याकडेच राहील’ ही ओळ हजारो बिलांवर छापलेली असते आणि विक्रेते तिच्या भरवशावर राहतात. कलम 2-401 तिची किंमत स्पष्ट करतं: माल खरेदीदाराकडे पोचल्यावर अशी राखून ठेवलेली मालकी म्हणजे फक्त तारणहक्क. मालकी गेलेली असते. नोंद केली नसेल, तर त्या मालावर खरेदीदाराची बँक तुमच्या पुढे जाते.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या यंत्रसामग्रीच्या भाडेकरारांत, म्हणून इथे थोडं थांबू. कसोटी आर्टिकल 9 मध्ये नसून कलम 1-203 मध्ये आहे, आणि तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग: भाडेकरूला करार मध्येच संपवता येतो का? येत असेल, तर ठोक कसोटी तिथेच थांबते. येत नसेल, तर दुसरा भाग, आणि त्यातल्या चारपैकी एक जरी गोष्ट लागू पडली तरी तो तारणहक्कच:

- कराराची मूळ मुदत वस्तूच्या उरलेल्या आर्थिक आयुष्याइतकी किंवा त्याहून जास्त आहे;
- वस्तूचं आयुष्य संपेपर्यंत नूतनीकरण करायला, किंवा वस्तू विकत घ्यायला, भाडेकरू बांधील आहे;
- काहीही न देता किंवा नाममात्र रकमेत उरलेल्या आयुष्यभरासाठी नूतनीकरण करता येतं;
- काहीही न देता किंवा नाममात्र रकमेत मालक होता येतं.

समजा 1,20,000 डॉलरचं यंत्र आहे, आयुष्य 10 वर्षं. करार 60 महिन्यांचा, महिना 2,400 डॉलर, मध्येच सोडता येत नाही. शेवटी 1 डॉलरमध्ये यंत्र भाडेकरूचं. हे कर्जच आहे, वादाला जागा नाही. आता शेवटची रक्कम 1 डॉलरऐवजी ‘त्या वेळचा बाजारभाव’ अशी केली, तर ती नाममात्र ठरत नाही. त्या मुद्द्यावर तरी हा खरा भाडेकरार राहतो. पेच येतो तो मधल्या आकड्यांना. समजा शेवटची ठरलेली रक्कम 10,000 डॉलर आहे आणि यंत्र न घेतल्यास ते उखडून, पॅक करून, मालकाच्या गोदामापर्यंत पोचवण्याचा खर्च भाडेकरूच्या माथी आहे. सही करताना तो अंदाजे 12,000 डॉलर दिसतो. कलम 1-203(ड) सांगतं: पर्याय न वापरल्यास करार पाळायला जो वाजवी अंदाजाने खर्च येईल, त्याहून पर्यायाची रक्कम कमी असेल तर ती नाममात्र. 10,000 हे 12,000 हून कमी, म्हणून हा तारणहक्क. कुठलाही शहाणा भाडेकरू यंत्र परत करणार नाही, आणि परत येण्याची खरी शक्यता नसलेल्या वस्तूचा मालक हा नावापुरताच मालक.

दोन गोष्टी इथे विसरल्या जातात. हे सगळे अंदाज करार झाला त्या दिवसाच्या माहितीवर करायचे, पाच वर्षांनंतर यंत्राचं काय झालं त्यावर नाही. म्हणून त्या दिवशीचं मूल्यांकन आणि परतीच्या खर्चाचा अंदाज फाइलमध्ये लावून ठेवावा. दुसरं, कर, विमा, देखभाल भाडेकरूकडे आहे किंवा भाड्याची आजची किंमत यंत्राच्या किमतीइतकी होते, एवढ्यावरून व्यवहार तारणहक्क ठरत नाही. कलम 1-203(क) ते स्पष्ट म्हणतं. चारही ठोक कसोट्या लागू न पडल्यास न्यायालय सगळी परिस्थिती पाहतं, आणि मुदतीनंतर मालकाच्या हाती मोलाचं काही परत येतं का, हाच प्रश्न तिथे कळीचा असतो.

दुसरी पायरी: कर्ज नसलेले व्यवहारही पाहा

‘आम्ही कर्ज दिलंच नाही, येणी विकत घेतली’ असं म्हणून सुटता येत नाही. ग्राहकांकडची येणी, चॅटल पेपर (विशिष्ट वस्तूच्या तारणावरच्या किंवा भाड्याच्या हप्त्यांचे करार), पेमेंट इंटँजिबल (पैसे मिळण्याचे इतर प्रकारांत न बसणारे हक्क) आणि वचनचिठ्ठ्या यांची सरळ विक्रीही कलम 9-109(अ)(3) खाली आर्टिकल 9 मध्येच येते. कारण व्यवहारातलं आहे. येणी दिसत नाहीत, ताब्यात घेता येत नाहीत. तीच येणी आधी कुणाला विकली आहेत का, हे पुढच्या बँकेला कळायला सार्वजनिक नोंद लागते. विक्री आणि तारण यांतली रेषा इतकी पुसट असते की नोंदीपुरता दोघांना एकच नियम लावणं शहाणपणाचं. म्हणून फॅक्टरिंग करणाऱ्या, म्हणजे येणी विकत घेणाऱ्या, कंपनीने आणि ‘भविष्यातली विक्री-रक्कम विकत घेतो’ म्हणणाऱ्या मर्चंट कॅश अॅडव्हान्सवाल्यानेही यूसीसी-1 दाखल करावा.

नोंदीचा प्रश्न असा सुटतो, पण खरी विक्री की कर्ज, हा वाद दुसऱ्या कारणांसाठी शिल्लक राहतो. खऱ्या विक्रीत वसुलीतून जास्त रक्कम आली तर ती खरेदीदाराची, कमी आली तर तोटाही त्याचाच. कर्ज असेल तर जादा रक्कम कर्जदाराला परत करावी लागते आणि तूट त्याच्याकडून वसूल करता येते. व्याजमर्यादेचे कायदेही कर्जालाच लागतात. 1979 च्या मेजर्स फर्निचर मार्ट विरुद्ध कॅसल क्रेडिट या खटल्यात तिसऱ्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयाने कागदावरची ‘विक्री’ कर्ज ठरवली, कारण बुडीत येण्यांचा सगळा धोका विकणाऱ्यावरच परत टाकलेला होता. करार लिहिताना बुडीत झाल्यास भरून देण्याचं कलम किती दूर जातं, ते याच नजरेने वाचावं.

उलट टोकाची चूकही झालेली आहे. 1993 मध्ये ऑक्टागॉन गॅस सिस्टिम्स विरुद्ध रिमर खटल्यात दहाव्या सर्किटने म्हटलं, की विकलेली येणीही विकणाऱ्याच्या दिवाळखोरी-मालमत्तेत राहतात, कारण विक्री आर्टिकल 9 मध्ये येते. बाजारात खळबळ माजली. आजचं कलम 9-318(अ) त्याला सरळ उत्तर देतं: येणी विकली, की विकणाऱ्याकडे त्यांत कुठलाही हक्क उरत नाही. पण पुढचं उपकलमही वाचावं. खरेदीदाराने येण्यांवरचा किंवा चॅटल पेपरवरचा हक्क नोंदीने पक्का (इतर धनकोंविरुद्धही टिकेल असा) केला नसेल, तर धनको आणि पुढचे खरेदीदार यांच्यापुरता विकणाराच मालक धरला जातो. पेमेंट इंटँजिबल आणि वचनचिठ्ठ्यांची विक्री मात्र कलम 9-309 खाली आपोआप पक्की होते. तरीही वचनचिठ्ठी ताब्यात घेणं शहाणपणाचं, नाहीतर पुढे ती ताब्यात घेणारा खरेदीदार बाजी मारू शकतो.

दुसरा विसरला जाणारा व्यवहार कन्साइनमेंट. माल दुकानदाराकडे ठेवला, विकला गेला की पैसे द्यायचे, नाही तर माल परत. एका खेपेत दिलेला माल एकूण 1,000 डॉलर किंवा जास्त किमतीचा आहे. दुकानदार स्वतःच्या, म्हणजे माल देणाऱ्याहून वेगळ्या, नावाने त्या प्रकारच्या मालाचा धंदा करतो. तो लिलावदार नाही. तो मुख्यतः दुसऱ्यांचाच माल विकतो हे त्याच्या धनकोंना सर्वसाधारणपणे ठाऊक नाही. आणि देण्याआधी माल घरगुती वापराचा नव्हता: एवढं जुळलं की आर्टिकल 9 लागू. माल देणाऱ्याला वाटतं माल आपला. पण नोंद नसेल तर कलम 9-319 दुकानदाराच्या धनकोंपुरती दुकानदारालाच मालकी देतं, आणि त्याच्या बँकेचं तरंगतं तारण (पुढे येणाऱ्या मालालाही लागू होणारं) तुमच्या मालावर बसतं.

त्यावर उपाय आहे, पण क्रम चुकवून चालत नाही. आधी दुकानदाराच्या राज्यात यूसीसी-1 दाखल करा. मग त्याच्या नावावर शोध घ्या आणि आपल्या आधी नोंद केलेल्या, त्याच प्रकारच्या मालावर हक्क सांगणाऱ्या धनकोंना लेखी कळवा. त्यांना कळल्यानंतरच माल पाठवा. कलम 9-324(ब) खाली हे सगळं माल दुकानदाराच्या ताब्यात जाण्याआधी व्हावं लागतं. ती सूचना पुढे पाच वर्षं चालते. माल गेल्यावर केलेली नोंद त्या खेपेला वाचवत नाही.

शेतीबोजाही हद्दीत आहे. हा करारातून येत नाही, राज्याच्या कायद्यातून येतो: शेतीसाठी माल किंवा सेवा पुरवणाऱ्याला, किंवा जमीन भाड्याने देणाऱ्याला, ताबा नसतानाही पिकांवर किंवा जनावरांवर मिळणारा हक्क. नोंद शेतमाल जिथे आहे त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे करायची.

तिसरी पायरी: जमिनीशी जिथे संबंध येतो

स्थावर मालमत्तेवरचा बोजा आणि तिचं भाडं आर्टिकल 9 बाहेर. इमारतीवरचं गहाण, दुकानगाळ्याच्या भाड्याचं हस्तांतर ही कामं त्या काउंटीच्या जमीन-नोंदींत होतात. इथपर्यंत सोपं आहे. गुंतागुंत चार ठिकाणी आहे.

गहाणकर्जाची वचनचिठ्ठी ही जंगम मालमत्ता आहे. घरकर्ज देणाऱ्या संस्थेने आपल्याकडच्या चिठ्ठ्या दुसऱ्या बँकेकडे तारण ठेवल्या, तर तो व्यवहार आर्टिकल 9 चा. त्या चिठ्ठीमागे जमीन आहे याने फरक पडत नाही. 9-109(ब) चा खुलासा हाच. चिठ्ठीवरचा तारणहक्क निर्माण झाला आणि पक्का झाला, की मागचं गहाणही तिच्याबरोबर येतं. त्यासाठी जमीन-नोंदींत हस्तांतर नोंदवणं सक्तीचं नाही.

इमारतीला जोडलेली बॉयलर, लिफ्ट, वातानुकूलन यंत्रणा ही फिक्स्चर दोन्ही कायद्यांत बसतात. आर्टिकल 9 खाली तारण देता येतं, पण जमिनीवरच्या धनकोविरुद्ध अग्रक्रम हवा असेल तर जमिनीच्या वर्णनासह फिक्स्चर-नोंद स्थावर नोंदींच्या कार्यालयात करावी लागते. खरेदीसाठी कर्ज दिलं असेल, तर वस्तू फिक्स्चर होण्याआधी किंवा त्यानंतर 20 दिवसांत ती नोंद झाली पाहिजे. बांधकाम-कर्जाच्या गहाणापुढे मात्र हा खास अग्रक्रम चालत नाही.

जमिनीची मालक असलेली कंपनी ही तिसरी जागा. एखाद्या एलएलसीकडे (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीकडे) फक्त एक इमारत आहे आणि त्या एलएलसीतला शंभर टक्के हिस्सा तारण दिला, तर तारण जंगम आहे, आर्टिकल 9 पूर्ण लागू. मेझनाइन कर्जं (कंपनीतल्या हिश्श्याच्या तारणावरची) यावरच उभी आहेत: वसुलीला गहाणाचा लांब दावा लागत नाही, व्यापारी दृष्टीने वाजवी विक्री पुरते. न्यूयॉर्कने सहकारी गृहसंस्थेतल्या हिश्श्यासाठी आपल्या आर्टिकल 9 मध्ये खास तरतुदी घातल्या आहेत. त्या हिश्श्यावरची नोंद नेहमीच्या 5 ऐवजी 50 वर्षं चालते. राज्याचा स्वतःचा मजकूर वाचायला हवा तो अशाच गोष्टींसाठी.

आणि उभी झाडं: करारानुसार तोडायची असतील तर ती माल धरली जातात.

चौथी पायरी: वगळलेल्या गोष्टींची यादी शेवटपर्यंत वाचा

9-109(ड) मध्ये 13 गोष्टी आहेत. काही एका ओळीत आटपतात: पगाराच्या हक्काचं हस्तांतर, धंदा विकताना त्याबरोबर गेलेली येणी, फक्त वसुलीसाठी सोपवलेली येणी, जुन्या देण्यापोटी दिलेलं एखादं येणं, आणि करारातलं काम व पैसे दोन्ही घेणाऱ्याकडे गेलेला करार. हे वित्तपुरवठ्याचे व्यवहार नव्हेत, म्हणून बाहेर.

घरमालकाचा बोजा बाहेर आहे, आणि हाच भाड्याच्या जागेतल्या मालावर कर्ज देणाऱ्याला अडचणीत आणतो. आर्टिकल 9 घरमालकाशी तुमचा अग्रक्रम ठरवतच नाही. राज्याचा दुसरा कायदा ठरवतो. म्हणून कर्ज देण्याआधी घरमालकाकडून हक्कत्यागाचं पत्र घ्यावं. दुरुस्ती करणाऱ्या गॅरेजचा कायद्याने मिळालेला बोजाही बाहेर, पण अग्रक्रमापुरतं कलम 9-333 लागू राहतं: वस्तू गॅरेजच्या ताब्यात असेपर्यंत त्याचा हक्क साधारणपणे बँकेच्या पुढे असतो, त्या बोजाच्या कायद्याने उलट म्हटलं नसेल तर.

विमा-पॉलिसीवरचा हक्क बाहेर. आयुर्विमा तारण घ्यायचा असेल तर विमा कंपनीच्या नमुन्यात हस्तांतर करून त्यांची पोच घ्यावी. पण तारणातलं यंत्र जळालं आणि विम्याचे पैसे आले, तर ते तारणातूनच आलेले पैसे, आणि तुमचा हक्क त्यांवर चालत राहतो. लुईझियानाने आयुर्विमा आपल्या आर्टिकल 9 मध्ये घेतला आहे, तेव्हा इथेही राज्य पाहावं.

नुकसानभरपाईचे दावे: अपघाताच्या जखमेचा दावा बाहेर, पण व्यापारी दावा आत. म्हणजे दावेदार संस्था असेल, किंवा व्यक्ती असून दावा धंद्यातून आलेला आणि शारीरिक इजेचा नसेल तर. हा दावा तारणात घ्यायचा तर ‘सर्व व्यापारी दावे’ असं लिहून चालत नाही. कोणावर, कशाबद्दल, हे ओळखता येईल असं वर्णन हवं, आणि भविष्यातला दावा आगाऊ बांधता येत नाही. दावा तडजोडीने मिटून ठरावीक रक्कम देण्याचा करार झाला, की तो पेमेंट इंटँजिबल बनतो आणि तुमच्या नेहमीच्या वर्णनात बसू शकतो. करारभंगाचा दावा मुळात या वगळणुकीत नाहीच.

ग्राहक-व्यवहारात बँक खातं थेट तारण घेणं बाहेर. धंद्याचं खातं आत, पण तिथे नोंद करून उपयोग नाही. मूळ तारण म्हणून ते फक्त नियंत्रणाने पक्कं होतं, म्हणजे खातं कर्ज देणाऱ्याच बँकेत असावं, त्रिपक्षीय नियंत्रण-करार असावा किंवा धनको स्वतः त्या खात्यावर बँकेचा ग्राहक बनावा. न्यायालयाचा निकाल आणि वळती करण्याचा (देणं-घेणं परस्पर वजा करण्याचा) हक्क हेही बाहेर. अपवाद तारणातल्या येण्यावरूनच मिळालेल्या निकालाचा.

पाचवी पायरी: संघराज्याचा कायदा किती जागा घेतो

9-109(क)(1) चे शब्द ‘जितपत, तितपत’ असे आहेत. संघराज्याचा कायदा आला म्हणून आर्टिकल 9 सगळंच बाद होत नाही; जेवढा भाग संघीय कायद्याने व्यापला आहे तेवढाच जातो. विमानाची नोंद ओक्लाहोमा सिटीतल्या एफएए (संघीय विमान प्रशासन) रजिस्ट्रीत, दस्तऐवजीकरण झालेल्या जहाजांवरचं गहाण कोस्ट गार्डच्या नॅशनल व्हेसल डॉक्युमेंटेशन सेंटरमध्ये, रेल्वे डब्यांची सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाकडे.

बौद्धिक संपदेत प्रत्येक प्रकार वेगळा आहे. नोंदणीकृत कॉपीराइट: 1990 च्या पेरेग्रिन निकालाने कॉपीराइट ऑफिसातली नोंद आवश्यक ठरवली. नोंदणी न केलेला कॉपीराइट: 2002 च्या वर्ल्ड ऑक्झिलरी पॉवर निकालाप्रमाणे यूसीसी नोंद. पेटंट: 2001 च्या सायबरनेटिक सर्व्हिसेस निकालाप्रमाणे यूसीसी नोंद ट्रस्टीविरुद्ध पुरते, तरी पुढच्या खरेदीदाराचा विचार करून पेटंट कार्यालयातही नोंद करावी. सॉफ्टवेअर तारण घेताना कुठली आवृत्ती नोंदणीकृत आहे ते विचारा आणि दोन्हीकडे नोंद करा. खर्च थोडा, वाद मोठा.

एक कर्ज, वस्तूनिहाय

समजा डेलावेअरमध्ये स्थापन झालेली कंपनी आहे, कारखाना ओहायोत भाड्याच्या जागेत. बँक 20 लाख डॉलर देते आहे. तारणाची यादी एका रकान्यात घ्या आणि प्रत्येकापुढे ‘आत की बाहेर’ आणि ‘नोंद कुठे’ हे लिहा.

यंत्रं, माल, येणी, पेटंट: आत, नोंद डेलावेअरच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे. कारखाना ओहायोत असला तरी. कारण नोंदणीकृत संस्थेचं ठिकाण म्हणजे तिची स्थापना झालेलं राज्य, आणि करारात ‘ओहायोचा कायदा लागू’ असं लिहून हे बदलत नाही. इमारतीच्या पायात रोवलेली मोठी भट्टी: आत, शिवाय ओहायोतल्या काउंटीत फिक्स्चर-नोंद. मालमोटारी: आत, पण टायटलवर नोंद. धंद्याचं बँक खातं: आत, नियंत्रण-करार. अमेरिकी सरकारकडची येणी: आत, मात्र सरकारने थेट तुम्हाला पैसे द्यावेत असं हवं असेल तर संघीय असाइनमेंट ऑफ क्लेम्स अॅक्टची पायरीही पाळा. पुरवठादारावरचा फसवणुकीचा दावा: आत, नेमकं वर्णन. मालकाच्या आयुर्विम्याची पॉलिसी: बाहेर. घरमालकाचा बोजा: बाहेर, हक्कत्याग-पत्र.

यूसीसी-1 वर कर्जदाराचं नाव स्थापनेच्या सार्वजनिक दस्तऐवजात आहे अगदी तसंच लिहा. चुकलेल्या नावाची नोंद तेव्हाच वाचते जेव्हा बरोबर नावाने घेतलेल्या प्रमाणित शोधात ती सापडते. नोंदीत ‘सर्व मालमत्ता’ चालतं, पण तारण-करारात तेच शब्द वर्णन म्हणून अपुरे. तिथे प्रकार लिहावे लागतात. सगळीकडे सेक्रेटरी ऑफ स्टेटच असतो असंही नाही: मेरीलँडमध्ये हे काम डिपार्टमेंट ऑफ असेसमेंट्स अँड टॅक्सेशनकडे आहे, जॉर्जियात काउंटीच्या सुपिरियर कोर्टाच्या क्लार्ककडे.

शंका उरली तर

भाडेकरार खरा आहे की तारण, याबद्दल खात्री नसेल तर तरीही यूसीसी-1 दाखल करावा. कलम 9-505 त्यासाठीच आहे: ‘कर्जदार’, ‘धनको’ऐवजी ‘भाडेकरू’, ‘भाड्याने देणारा’, किंवा ‘कन्साइनी’, ‘कन्साइनर’ असे शब्द वापरता येतात, आणि केवळ नोंद केली म्हणून व्यवहार तारण ठरत नाही. पुढे न्यायालयाने तो तारणहक्क ठरवलाच, तर तुमची नोंद पहिल्या दिवसापासून कामाला येते. यंत्र खरेदीसाठीचं कर्ज ठरल्यास 20 दिवसांच्या मुदतीचा प्रश्न येतो, म्हणून यंत्र पोचल्यापासून 20 दिवसांच्या आत दाखल करा, शक्यतो पोचण्याआधीच. कर्जदाराची लेखी परवानगी असेल तर करारावर सही होण्याआधीही नोंद दाखल करता येते.

नोंद पाच वर्षांनी संपते. पुढे चालू ठेवण्याचं निवेदन शेवटच्या सहा महिन्यांतच दाखल करावं लागतं. त्याआधी केलेलं निरुपयोगी. सात वर्षांच्या भाडेकरारात सावधगिरी म्हणून केलेली नोंद साडेचार वर्षांनी कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून सहा महिन्यांची ती खिडकी उघडण्याची तारीख दाखल करतानाच कॅलेंडरमध्ये घालावी. कंपनीने स्थापनेचं राज्य बदललं तर नव्या राज्यात नोंद करायला चार महिने मिळतात, आणि तारणातली वस्तू दुसऱ्या राज्यातल्या नव्या कर्जदाराकडे गेली तर एक वर्ष, जुनी नोंद त्याआधी संपत नसेल तर.